आंतरराष्ट्रीय संबंधांच्या जर्नलला शोधलेख पाठवायचाय, आपल्या भागातून कुणी पाठवलाय का?

तेरणाकाठ

नमस्कार मंडळी. राज्यशास्त्रात पीएचडी करायलोय, प्रबंध लिहून होत आलाय. दिवसा एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. विषय भारत-मोझांबिक संबंध, त्यातही तुरीची आयात. लातूरकडचा असल्यामुळं मोंढ्यात तूर पडली की घरात काय होतं ते लहानपणापासून बघतोय, विषय तिथूनच सुचला.

आता त्यातलं एक प्रकरण चांगल्या जर्नलला पाठवावं असं मनात आहे. गाइड म्हणतात, कुठंही छापून आणा, सर्टिफिकेट जोडा, विषय संपवा. प्राध्यापकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर रोज एक जाहिरात पडते. सात दिवसांत प्रकाशन, इम्पॅक्ट फॅक्टर (लेखांचे दाखले किती दिले जातात त्याचा आकडा) आठच्या वर, ई-सर्टिफिकेट मोफत, फी अठराशे. कोणत्याही विषयाचा लेख चालेल म्हणे, रसायनशास्त्रापासून संत साहित्यापर्यंत.

खरं जर्नल ओळखायचं कसं, लेख पाठवायची रीत काय, आणि मराठी माध्यमात शिकलेल्याचा लेख तिकडं कुणी वाचतं तरी का, एवढं सांगा.

बालाघाट

अठराशे भर आणि मोकळा हो भावा. मुलाखतीच्या यादीत नाव यायला गुण लागतात, लेख कोण वाचतंय? दिल्लीचं जर्नल वर्षभर लेख दाबून ठेवणार, शेवटी 'क्षमस्व' म्हणणार, तोवर इकडं जागा भरलेली असणार. तत्त्वं पोट भरलेल्यांना परवडतात.

खामकाठ

मी ग्रंथालयात आहे, त्यामुळं नियमांचं तेवढं सांगते.

बालाघाट दादा, तुम्ही म्हणता तो हिशेब जुना झाला. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, 'मान्यताप्राप्त' जर्नल्सची यादी आठवत असेल. मे २०१८ मध्ये त्यातली ४,३०५ जर्नल्स एका फटक्यात काढून टाकली. मग पुणे विद्यापीठातल्या कक्षामार्फत केअर नावाची नवी यादी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीनं तीही बंद केल्याचं जाहीर केलं. आता जर्नल कसं निवडावं याचे सूचक निकष दिलेत आणि पारखायची जबाबदारी विद्यापीठांवर टाकलीय. म्हणजे "सर, केअरमध्ये होतं" हे उत्तर आता समितीपुढं चालेलच असं नाही. उद्या कुणी लेख उघडून वाचायला लागलं तर काय करणार?

दुसरं, नोव्हेंबर २०२२ च्या पीएचडी नियमावलीत प्रबंध सादर करण्याआधी लेख छापलाच पाहिजे ही अट यूजीसीनं काढली. तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे ते विभागात विचारा. पण यूजीसीच्या नावानं घाबरून पैसे भरू नका.

आणि ते आयएसएसएन! जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात तेच असतं. तो नुसता नोंदणी क्रमांक आहे. लेख तपासला जातो की नाही याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.

सेलूकर

तेरणाकाठ, विषय ऐकून बरं वाटलं. मी बरीच वर्षं शिकवतोय आणि दोन-तीन जर्नल्ससाठी परीक्षण करतो, त्यामुळं टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगू शकेन.

आधी पाठवायचं कुठं. आपल्याकडची तीन नावं प्रत्येकाला माहीत हवीत. 'इंडिया क्वार्टर्ली', दिल्लीतल्या सप्रू हाऊसच्या इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्सचं, १९४५ पासून निघतंय. 'इंटरनॅशनल स्टडीज', जेएनयूच्या स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीजचं, १९५९ पासून. ही दोन्ही सेज ही प्रकाशनसंस्था छापते. तिसरं 'स्ट्रॅटेजिक अॅनालिसिस', मनोहर पर्रीकर संरक्षण अध्ययन संस्थेचं, रूटलेजकडून येतं. त्याचा कल सुरक्षेकडं, तुमची तूर तिथं जरा परकी वाटेल. बाहेरचं बघायचं तर 'थर्ड वर्ल्ड क्वार्टर्ली' किंवा 'कंटेम्पररी साउथ एशिया'. 'इंटरनॅशनल ऑर्गनायझेशन' नि 'वर्ल्ड पॉलिटिक्स'ला पहिलाच लेख पाठवायला बंदी नाही, पण ती आधी वाचायला घ्या.

निवडताना एकच कसोटी लावा: त्या जर्नलच्या गेल्या दोन-तीन वर्षांच्या अंकांत तुमच्या विषयाशी बोलणारे लेख आहेत का? नसतील तर संपादक परीक्षकाकडं न पाठवताच परत करतो. त्याला डेस्क रिजेक्शन म्हणतात. त्यात लेखाची लायकी कुणी काढलेली नसते, बऱ्याचदा नुसता पत्ता चुकलेला असतो.

या जर्नल्सना नेहमीच्या मार्गानं लेख छापायला पैसे पडत नाहीत. स्वीकारल्यावर 'ओपन अॅक्सेस हवा का', म्हणजे लेख सगळ्यांना फुकट वाचायला खुला ठेवायचा का, असं विचारतात, त्याची फी डोळे पांढरे करणारी असते. नको म्हणायचं. लेख तसाही छापतात.

आता तुमचा सारांश इथं टाका. खरं दुखणं तिथंच सापडतं.

तेरणाकाठ

सर, टाकतो. इंग्रजीत आहे, मराठीत सांगतो: "भारत आणि आफ्रिका यांचे संबंध प्राचीन काळापासून आहेत. जागतिकीकरणाच्या युगात या संबंधांना अनन्यसाधारण महत्त्व प्राप्त झाले आहे. भारत व मोझांबिक यांच्यात २०१६ मध्ये तूर आयातीबाबत सामंजस्य करार झाला. प्रस्तुत शोधनिबंधात या संबंधांचा आढावा घेण्यात आला असून काही उपाययोजना सुचवण्यात आल्या आहेत."

बालाघाट

अगदी आमच्या चर्चासत्राच्या विशेषांकातला वाटतोय. उपाययोजना सुचवल्याशिवाय मराठवाड्यात लेख संपतच नाही.

सेलूकर

हसू नका, शिकवलं आम्हीच.

तेरणाकाठ, या चार वाक्यांत मला पडलेला एकही प्रश्न नाही. आढावा कशाचाही घेता येतो. जर्नलला कोडं लागतं, आणि तुमच्याकडं फार झकास कोडं आहे, तुम्ही ते झाकून ठेवलंय. जरा क्रम लावा.

२०१५ च्या शेवटी तूरडाळ दोनशे रुपये किलोच्या घरात. सरकार घायकुतीला आलेलं. जुलै २०१६ मध्ये पंतप्रधानांच्या दौऱ्यात मोझांबिकशी करार: पाच वर्षांत आयात एक लाख टनांवरून दोन लाख टनांपर्यंत न्यायची. त्याच खरिपात आपल्याकडं पाऊस झाला, पेरा वाढला, आणि २०१५-१६ मध्ये २५ लाख टनांच्या आसपास असलेलं देशाचं तुरीचं उत्पादन पुढच्या वर्षी ४८ लाख टनांच्या वर गेलं. हमीभाव बोनस धरून ५,०५० आणि मोंढ्यात भाव त्याच्या कितीतरी खाली. खरेदी केंद्रांपुढच्या रांगा, संपलेला बारदाना, ट्रॅक्टरवर काढलेल्या रात्री, हे तुम्हाला मी सांगायला नको. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्रानं तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. आता त्या अधिसूचनेतलं बारीक वाक्य बघा: सरकारनं द्विपक्षीय करारांत दिलेल्या शब्दाला ही मर्यादा लागू नाही.

का? घरचा शेतकरी रस्त्यावर उतरलेला असताना सरकारनं एका लांबच्या देशाला दिलेला शब्द का पाळला? तुमचा लेख हाच. प्राचीन काळ गेला चुलीत.

तेरणाकाठ

सर, ते अपवादाचं वाक्य माझ्या प्रबंधात आहे, पण तळटिपेत.

सेलूकर

मग त्याला पहिल्या पानावर आणा.

सिद्धांताचं म्हणाल तर रॉबर्ट पटनमचा १९८८ चा 'टू-लेव्हल गेम्स'वरचा लेख तुम्ही वाचलाच असेल. सरकार एकाच वेळी दोन पटांवर खेळतं, एक परदेशाशी, दुसरा घरच्या गटांशी. नुसतं "हा सिद्धांत इथं लागू पडतो" एवढं लिहिलंत तर परीक्षक म्हणेल, बरं, मग? पटनमचा भर वाटाघाटी आणि मंजुरीवर आहे, म्हणजे घरचे गट करार होण्याआधी काय अडवतात यावर. तुमच्याकडं करार आधी झाला, घरचा दबाव नंतर आला. तिथं त्याची मांडणी पुरते का, कुठं ताणावी लागते, हे दाखवलंत तर ती तुमची भर. दोन परिच्छेदांत मावेल, पण लेख त्यावर उभा राहील.

गोदाकाठची

मी मूळची नांदेडची, सध्या बाहेर संशोधन करतेय. सेलूकर सरांशी सहमत, पण एका ठिकाणी अडते. सर म्हणतात पत्ता चुकला म्हणून लेख परत येतो. इंग्रजीमुळंही येतो, हे कुणी मोकळेपणानं बोलत नाही. व्याकरण एकवेळ सुधारता येतं. आपली वाक्यं मात्र लांबच लांब, कर्त्याचा पत्ता नाही, "असे म्हटले जाते", "असे दिसून येते". कुणी म्हटलं? कुणाला दिसलं? लेख आधी आपल्या भाषेत कुणाला तरी तोंडी सांगून बघा. पाच मिनिटांत मुद्दा सांगता आला नाही तर तो इंग्रजीतही येणार नाही.

एआयच्या साधनांनी भाषा नीट करून घेणारे आता सगळीकडं आहेत. बऱ्याच प्रकाशकांना ते चालतं, पण कुठं वापर केला ते सांगावं लागतं, आणि एआय लेखक म्हणून लावता येत नाही. जर्नलचं धोरण आधी वाचा. संदर्भ तर त्याच्याकडून अजिबात घेऊ नका, नसलेले लेख छातीठोकपणे देतं.

आता पाठवण्याची रीत. लेख ईमेलनं नाही, जर्नलच्या ऑनलाइन प्रणालीतून जातो, खातं उघडावं लागतं. ऑर्किड (ORCID) हा संशोधकाचा ओळख क्रमांक फुकट मिळतो, आजच काढून ठेवा. परीक्षण दोन्ही बाजूंनी निनावी असतं, म्हणून नाव-गाव-आभार वेगळ्या पानावर आणि मूळ फाइल निनावी. इथं आपली माणसं हमखास अडकतात. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये नाव राहतं. "माझ्या याआधीच्या लेखात मी दाखवल्याप्रमाणे" हे वाक्य राहतं. एकानं तर "आमच्या महाविद्यालयासमोरील मोंढ्यात" असं लिहिलेलं मी वाचलंय. परीक्षकाला नकाशाच हातात दिला की!

शब्दमर्यादा बहुतेक ठिकाणी सात-आठ हजारांच्या आसपास, तळटिपा त्यात धरतात का ते प्रत्येकाच्या सूचनांत असतं. एकच लेख एकाच वेळी दोन जर्नल्सना पाठवायचा नाही म्हणजे नाही. आपल्याकडं "दोन्हीकडं टाकून ठेव, जिथं लागेल तिथं लागेल" म्हणतात, ते इथं अंगाशी येतं.

बालाघाट

एवढं सगळं करून लेख परत आला तर? ताई, तुम्ही बाहेर आहात, फेलोशिप असेल. हा माणूस तासाचे पैसे कधी मिळतील याची वाट बघतोय. गाइड तरी वाट बघतील का? आणि लेख लागला की पहिलं नाव कुणाचं, तेही बोला एकदा.

खामकाठ

बोलूया. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत गुणांची वाटणी दिलीय. लेखक दोनच असतील तर दोघांनाही ७०-७० टक्के. पहिलं कोण, दुसरं कोण, यानं तिथं फरक पडत नाही. तीन किंवा जास्त झाले की मुख्य लेखकाला ७० आणि बाकीच्यांना ३०-३०. म्हणजे गाइडचं नाव दुसरं आलं तरी त्यांचं गुणांचं नुकसान शून्य. हे कोष्टक छापून न्या आणि नम्रपणे पुढं ठेवा, बऱ्याच वेळा तेवढ्यानं भागतं. लेखनात हातच नसेल तर नाव लावणं मुळात गैर, पण आपल्या विभागात ते कितपत बोलता येईल हे तुमचं तुम्ही जाणता.

सेलूकर

वेळेबद्दल बालाघाट बरोबर बोलतायत, मी ते झटकणार नाही. परीक्षणाला काही महिने सहज जातात, वर्षही लागतं. म्हणून पीएचडीच्या शेवटच्या महिन्यात जर्नल शोधायला निघायचं नसतं. दोष यांचा नाही. विद्यापीठाच्या आरआरसी समितीपुढं विषय मांडला जातो तेव्हाच यातलं कुणी काही सांगत नाही.

पण परत आलेला लेखही रिकाम्या हातानं येत नाही. परीक्षकाकडं गेला असेल तर दोन-तीन पानांची टिपणं येतात. फुकट मार्गदर्शन आहे ते, आणि कधीकधी गाइडनं तीन वर्षांत दिलं नसेल एवढं.

गोदाकाठची

टिपणांवरून सांगते. तुमच्या लेखावर एक शेरा शंभर टक्के येणार: "हा लेख कृषी-अर्थशास्त्राचा आहे, आंतरराष्ट्रीय संबंधांचा नाही." उत्तरादाखल चिडून पत्र लिहायचं नाही. प्रत्येक शेरा जसाच्या तसा उतरवायचा, त्याखाली आपण काय बदललं आणि कोणत्या पानावर, ते लिहायचं. पटला नाही तर का पटला नाही तेही लिहायचं, पण पुरावा देऊन. "परीक्षकांच्या मौल्यवान सूचनेबद्दल ऋणी आहोत" एकदा पुरे. प्रत्येक शेऱ्याखाली लिहिलंत तर संपादक कंटाळतो.

"मेजर रिव्हिजन", म्हणजे मोठ्या दुरुस्त्या करा, असं आलं म्हणून कुणी लेख सोडून देऊ नका. आपल्याकडं त्याला नापास समजतात. दार उघडं आहे असा त्याचा अर्थ.

पैठणगेट

थोडं विषयांतर. मराठवाड्यातल्या माणसाला आंतरराष्ट्रीय संबंधांचा विषय शोधायला मोझांबिकला कशाला जावं लागतं? आपला स्वतःचा प्रश्न सुरक्षा परिषदेत जाऊन आलाय. ऑगस्ट १९४८ मध्ये निजाम सरकारनं तार केली, १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये परिषदेपुढं हैदराबादचा विषय निघाला, आणि दुसऱ्या दिवशी इकडं निजामानं शरणागती पत्करली. आपण १७ सप्टेंबरला झेंडावंदन करतो, पण हैदराबाद आंतरराष्ट्रीय कायद्याच्या नजरेत राज्य होतं की नव्हतं, यावर आपल्या किती विभागांत काम झालंय?

सेलूकर

विषयांतर कसलं, हा वेगळा धागा होईल. यावर 'अमेरिकन जर्नल ऑफ इंटरनॅशनल लॉ'मध्ये १९५० सालीच लेख आला होता. आपल्याकडं मुक्तिसंग्रामाच्या आठवणी, गौरवग्रंथ भरपूर. सार्वभौमत्व आणि मान्यता या अंगानं लिहिणारे फार थोडे. सुरक्षा परिषदेच्या त्या बैठकांचे कागद संयुक्त राष्ट्रांच्या डिजिटल ग्रंथालयात घरबसल्या मिळतात. कुणी घेत असेल तर मी वाचायला तयार आहे.

खामकाठ

कागदांवरून आठवलं, तेरणाकाठ, तुमची साधनं काय काय आहेत? बातम्यांच्या कात्रणांवर लेख उभा राहणार नाही. परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर द्विपक्षीय दस्तऐवज आहेत, परकीय व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचना आहेत, लोकसभा-राज्यसभेतल्या तारांकित-अतारांकित प्रश्नांची उत्तरं तर सोन्याची खाण आहे. आयातीचे आकडे वाणिज्य मंत्रालयाच्या डेटा बँकेत किंवा संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आकडेवारीच्या यूएन कॉमट्रेडवर मिळतील. तुरीचा सहा अंकी कोड ०७१३६० आहे. 'कडधान्ये' असं मोघम शोधलंत तर हरभरा, वाटाणा, मसूर सगळं एकत्र येईल आणि आकडा भलताच दिसेल.

आणि वाचायला जर्नल मिळत नाही ही सबब आता निम्मी गेली. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मध्ये जानेवारी २०२५ पासून केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांना ३० प्रकाशकांची जवळपास १३ हजार जर्नल्स खुली झालीत. तुमचं कॉलेज त्यात नसलं तरी विद्यापीठाचा संशोधक म्हणून विद्यापीठाच्या ग्रंथालयातून प्रवेश मागा. माझा अनुभव असा की मुलं मागतच नाहीत.

तेरणाकाठ

सगळ्यांचे आभार, डोकं गरगरायलंय पण वाट दिसली. दोन शंका राहिल्या. मी मोंढ्यातल्या आडत्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या मुलाखती घेतल्यात, त्या वापरू का? आणि प्रबंध पुढं शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर जाईल, मग लेखाशी जुळणारा मजकूर चोरी धरतील का?

सेलूकर

मुलाखती वापरा, पण जपून. आडत्याला मोझांबिकशी करार का पाळला हे माहीत नाही, ते दिल्लीतल्या कागदांतून शोधावं लागेल. आयात होणार या नुसत्या बातमीनं मोंढ्यात भाव कसा हलला हे मात्र त्याच्यासारखं कुणी सांगणार नाही. घरचा दबाव कसा तयार झाला त्याचा पुरावा म्हणून त्या लावा. दिल्लीत बसून लिहिणाऱ्याकडं हे नाही. नावं देऊ नका. 'आडते, लातूर' एवढं, आणि मुलाखतीची तारीख. संमती घेतली होती हे एका ओळीत लिहा.

आणि आफ्रिकेची बाजू विसरू नका. आपण मर्यादा घातल्यावर मोझांबिकमध्येही तुरीचे भाव कोसळले आणि भारताच्या भरवशावर पेरा वाढवलेले तिकडचे शेतकरी अडचणीत आले. पुढं २०२३ मध्ये तिथल्या बंदरात तूर अडकली तेव्हा नड आपली होती. ही दोन टोकं नसतील तर लेख 'भारताचं औदार्य' सांगणारा होतो. परीक्षक तो उचलून बाजूला ठेवेल.

खामकाठ

शोधगंगेचं: स्वतःच्या प्रबंधातून लेख काढणं सर्वमान्य आहे, सादर करताना पत्रात तसं स्पष्ट लिहा. लेख आधी आला तर प्रबंधात त्याचा उल्लेख करा. यूजीसीच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्य नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पण जर्नल स्वतःचा हिशेब लावतं. तपासणी अहवालात नुसता टक्का बघू नका, कोणता मजकूर कशाशी जुळलाय ते उघडून बघा.

बालाघाट

बरं, माझी हरकत मी मागं घेतलेली नाही, पण सारांश नवा लिहिला की इथं टाक. ती अधिसूचना मलाही वाचायचीय. त्या साली आमची तूर बाहेर पावसात भिजत होती.

तेरणाकाठ

टाकतो दादा. आधी सुरुवातीची नऊ पानं काढायला बसतोय, वास्को-द-गामापासूनची.